पाड्यावरचा शिक्षक आणि शिक्षण परिषद

शिक्षकी पेशा दिवसभर माणसांच्या गर्दीत राहून केला जातो आणि तरीही तो करणारा माणूस व्यावसायिकदृष्ट्या एकटा असतो, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. वकिलाचा युक्तिवाद विरुद्ध पक्षाचा वकील कान देऊन ऐकतो, शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरचा हात भूलतज्ज्ञ आणि परिचारिका रोज पाहतात, गवंड्याने भिंत ओळंब्यात घेतली की नाही हे शेजारच्या गवंड्याला लांबूनच कळते. शिक्षकाचा पाठ मात्र मुलांखेरीज कोणी पाहत नाही, आणि तो चांगला झाला की फसला हे सांगण्याइतके त्या मुलांचे वय नसते. अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्कूलटीचर’ या ग्रंथात शाळेच्या या रचनेला अंड्यांच्या पुठ्ठ्याची उपमा दिली होती: प्रत्येक अंडे आपल्या खळग्यात सुरक्षित, पण शेजारच्याला स्पर्श नाही. लॉर्टी यांच्यासमोर अमेरिकन शहरांतील अनेक वर्गांच्या शाळा होत्या, जेथे निदान मधल्या सुटीत सहकाऱ्यांची गाठ पडे. ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागातील पाड्यावरच्या शाळेचा विचार केला, तर त्या पुठ्ठ्यात अंडीच दोन असतात.

शहापूरहून मुरबाडच्या दिशेने निघाले की भातसा नदीकाठी सापगाव लागते आणि तेथून पुढे किन्हवली, सरळगाव, टोकावडे, तर दुसऱ्या अंगाला डोळखांबच्या बाजूने सह्याद्रीच्या पायथ्यापर्यंत गावे आणि त्यांचे पाडे विखुरलेले दिसतात. ठाकर, कातकरी, महादेव कोळी आणि वारली समाजांची वस्ती असलेल्या या पाड्यांवर जिल्हा परिषदेच्या ज्या प्राथमिक शाळा आहेत, त्यांतील बऱ्याच दोनशिक्षकी आहेत, कारण शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीची पटसंख्या ६० पर्यंत असेल तर दोन शिक्षक मंजूर होतात. दोन शिक्षकांनी चार-पाच इयत्ता सांभाळायच्या म्हणजे एकाच खोलीत एका गटाला गणित समजावत असताना दुसऱ्याला वाचनाला लावायचे. याला ‘बहुवर्ग अध्यापन’ म्हणतात आणि ते साधण्यासाठी फार बारकाईने आखणी करावी लागते. त्यातून एक शिक्षक रजेवर गेला, त्याला निवडणुकीचे काम आले किंवा पंचायत समितीत बैठकीला जावे लागले, की उरलेल्या एकाला अख्खी शाळा सांभाळावी लागते. अनेक शिक्षक कल्याण, बदलापूर किंवा शहापूर येथे राहतात, लोकलने आसनगाव किंवा आटगावपर्यंत येऊन पुढचा प्रवास दुचाकीने करतात, आणि संध्याकाळी त्याच वाटेने परततात. या दिनक्रमात आपल्याच कामाविषयी आपल्यासारख्याच माणसाशी निवांत बोलण्याची जागा कोठेच नसते.

अशा एकाकीपणातून जो शीण येतो त्याचा अभ्यास मानसशास्त्राने गेल्या पन्नास वर्षांत बराच केला आहे. न्यूयॉर्कमधील मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ साली त्याला ‘बर्नआउट’ हे नाव दिले, मराठीत त्याला व्यावसायिक क्लांती म्हणता येईल. आणि पुढे क्रिस्टिना मास्लाक यांनी तिची तीन अंगे वेगळी करून दाखवली. पहिले अंग म्हणजे भावनिक थकवा. दुसरे, ज्यांच्यासाठी काम करायचे त्यांच्याविषयी येणारी कोरडी अलिप्तता. आणि तिसरे, आपल्या हातून काही साध्य होत नाही ही भावना. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्वीकारलेल्या रोगवर्गीकरणात क्लांतीचा समावेश केला तो आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणाशी निगडित अवस्था म्हणून, आणि हा भेद महत्त्वाचा आहे, कारण त्याचा अर्थ असा की इलाज केवळ थकलेल्या माणसावर करून भागत नाही, कामाच्या व्यवस्थेवरही करावा लागतो. पहिल्या अंगावर दिवाळीची किंवा मे महिन्याची सुटी थोडाफार उतारा देते. तिसऱ्या अंगावर सुटीचा काही उपयोग होत नाही; जून महिन्यात शाळा उघडते तेव्हा तिसरीतल्या ज्या मुलाला एप्रिलमध्ये जोडाक्षरे वाचता येत नव्हती, त्याला ती अजूनही वाचता येत नसतात, आणि शिक्षकाची शंका आणखी एका वर्षाने जुनी झालेली असते.

महाराष्ट्रात या तिसऱ्या अंगाला भिडू शकेल अशी एक व्यवस्था कागदावर आणि बऱ्याच अंशी प्रत्यक्षातही अस्तित्वात आहे. तिचे नाव शिक्षण परिषद. परिषद म्हटले की पंचतारांकित हॉटेल, गळ्यातले ओळखपत्र आणि परदेशी पाहुणा असे चित्र उभे राहते, पण येथे अभिप्रेत असलेली परिषद केंद्रशाळेच्या वर्गखोलीत सतरंजीवर किंवा मुलांच्याच बाकांवर भरते आणि जेवणाचा डबा ज्याचा त्याने आणलेला असतो. तिचे मूळ कोठारी आयोगापर्यंत जाते. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या या राष्ट्रीय शिक्षण आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातील बहिरेवाडीचे. ग्रामीण शाळांचे दुखणे त्यांनी जवळून पाहिलेले होते. जवळजवळच्या शाळांचा एक समूह करावा, त्यांनी साधने आणि अनुभव वाटून घ्यावेत आणि प्रत्येक शाळा जो एकाकीपणा भोगते तो मोडावा, अशी शिफारस आयोगाने केली. ती शिफारस अनेक राज्यांत अहवालातच राहिली. महाराष्ट्राने १९९४ साली केंद्रशाळा आणि केंद्रप्रमुख ही रचना उभी करून तिला प्रशासकीय रूप दिले: साधारण दहा शाळांचे एक केंद्र, त्यांतील एक मध्यवर्ती शाळा ही केंद्रशाळा, आणि या शाळांना भेटी देऊन शिक्षकांना मार्गदर्शन करणारा तो केंद्रप्रमुख. राज्यभर केंद्रप्रमुखांची ४,८६० पदे निर्माण झाली. काही केंद्रे मिळून एक ‘बीट’ होते आणि त्याची देखरेख शिक्षण विस्तार अधिकाऱ्याकडे असते. त्याच्या वर तालुक्याचा गटशिक्षणाधिकारी. केंद्रातील सर्व शिक्षकांनी ठरावीक काळाने एकत्र येऊन अध्यापनाविषयी विचार करायचा, ही शिक्षण परिषदेची मूळ कल्पना.

प्रत्यक्षात या दिवसाचे दोन चेहरे असतात. पहिला चेहरा सरकारी. दीपप्रज्वलन, ईशस्तवन, स्वागतगीत, गुलाबपुष्पे, सेवानिवृत्त होणाऱ्याला शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, आणि मग ज्याला शिक्षक ‘टपाल’ म्हणतात तो प्रकार, म्हणजे वरिष्ठ कार्यालयाने मागवलेली विविध माहिती: यूडायसच्या नोंदी, पोषण आहाराचा तपशील, शिष्यवृत्तीचे अर्ज, आधार जोडणीची आकडेवारी, कोणत्या तरी अभियानाची छायाचित्रे. परिषदेचा निम्मा वेळ टपालात गेला असे शिक्षक सांगतात तेव्हा ती तक्रार नसते, वर्णन असते. त्यानंतर वरून ठरवून आलेल्या विषयांवर कोणीतरी सुलभक बोलतो. राज्य, जिल्हा, तालुका, केंद्र अशा पायऱ्या उतरत आलेले हे प्रशिक्षण प्रत्येक पायरीवर थोडे पातळ होते, आणि शेवटच्या पायरीवर ज्याच्या हाती ध्वनिक्षेपक येतो त्याला बहुधा आदल्या आठवड्यातच ते ऐकवलेले असते.

दुसरा चेहरा नमुना पाठाच्या वेळी दिसू लागतो. केंद्रातील एखादा शिक्षक किंवा शिक्षिका सर्वांसमोर, शक्यतो खऱ्या मुलांना घेऊन, एक पाठ घेते: हातच्याची वजाबाकी, अपूर्णांकाची तोंडओळख, किंवा घरी ठाकरी वा कातकरी बोलणाऱ्या पहिलीच्या मुलांना पुस्तकातल्या मराठीकडे कसे आणायचे याचा एक प्रयोग. पाहणाऱ्यांमध्ये हळूहळू एक बदल होतो. मागच्या बाकावरची कुजबुज थांबते, कोणीतरी वहीत काही उतरवून घेतो, आणि पाठ संपल्यावर प्रश्न येतात ते अगदी जमिनीवरचे असतात: या काड्यांचे गठ्ठे कितीला पडले, चौथीची मुले तोवर काय करत होती, शब्दपट्ट्या पावसाळ्यात ओल्या होऊ नयेत म्हणून काय करता, आणि हे सगळे साधायला किती दिवस लागले. या प्रश्नांची उत्तरे कोणत्याही प्रशिक्षण पुस्तिकेत नसतात, ती फक्त करून पाहिलेल्या माणसाजवळ असतात. जेवणाच्या सुटीत हेच बोलणे पुढे चालते, एखादी शिक्षिका आपल्या पिशवीतून घरी केलेली साधने काढून दाखवते, भ्रमणध्वनीवर छायाचित्रे घेतली जातात, आणि इतिवृत्तात यातील एकही गोष्ट नोंदवली जात नाही.

ज्या समाजशास्त्रीय परिभाषेत या गोष्टीला ‘व्यवसायसमूह’ म्हणतात, तिचे प्रवर्तक जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी १९९१ साली दाखवले ते हेच, की कोणतेही कसब मुख्यतः पुस्तकातून नव्हे, तर ते कसब करणाऱ्या माणसांच्या सहवासातून, आधी काठावर बसून आणि मग मध्यभागी येऊन शिकले जाते. पण कसब शिकणे वेगळे आणि उमेद परत येणे वेगळे. उमेदीचा खुलासा अल्बर्ट बंडुरा या कॅनडात जन्मलेल्या मानसशास्त्रज्ञाच्या सिद्धान्तातून अधिक नेमका होतो. आपण हे करू शकू असा माणसाचा स्वतःविषयीचा जो विश्वास असतो त्याला बंडुरा यांनी ‘स्वक्षमता’ म्हटले आणि १९७७ सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात तिचे चार उगम सांगितले: स्वतः मिळवलेले यश, दुसऱ्याचे यश पाहणे, इतरांनी दिलेले प्रोत्साहन, आणि शरीर-मनाची त्या वेळची अवस्था. यांतील दुसरा उगम परिषदेशी थेट जोडलेला आहे, पण त्याला एक अट आहे, आणि परिषदांचे आयोजक नेमकी तीच विसरतात. ज्याचे यश पाहायचे तो माणूस पाहणाऱ्याला आपल्यासारखा वाटला पाहिजे. पुण्या-मुंबईच्या नामांकित शाळेतील शिक्षकाने वीस मुलांच्या वर्गात, दोन मदतनीसांच्या साहाय्याने घेतलेला सुंदर पाठ पाहून पाड्यावरच्या शिक्षकाचा विश्वास वाढत नाही, उलट ‘त्यांना जमते, त्यांच्याकडे सगळे आहे’ असे म्हणून तो आपल्या निराशेला एक भक्कम कारण मिळवतो. शेजारच्या पाड्यावर, तशाच गळक्या पत्र्याखाली, तितक्याच पटावर कोणाला ते जमले असेल, तर मात्र ही पळवाट बंद होते. तेव्हा जो अस्वस्थपणा येतो त्यात थोडी असूयाही असते, आणि ती असायला हरकत नाही.

शहापूर तालुक्यातच याचे उत्तम उदाहरण आहे. पष्टेपाडा येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक संदीप गुंड यांनी गेल्या दशकाच्या पूर्वार्धात पडद्यावर स्पर्शाने चालणारी अध्यापनाची साधने आणि टॅबलेट वर्गात आणले, त्यासाठी लोकांचे साहाय्य उभे केले, आणि ‘डिजिटल शाळा’ हा शब्द मराठी शिक्षणव्यवहारात रूढ झाला. त्यानंतर जे घडले ते साधनांपेक्षा अधिक लक्षणीय आहे. राज्याच्या वेगवेगळ्या जिल्ह्यांतून शिक्षक ही शाळा पाहायला येऊ लागले, कार्यशाळा भरल्या, आणि लोकवर्गणीतून शाळा सजवण्याची एक लाटच आली. या लाटेचे मूल्यमापन करताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवणे न्यायाचे ठरेल. यंत्रांचे आयुष्य मर्यादित निघाले, आणि वीजबिल थकल्याने ज्या शाळांची जोडणी तुटली त्यांच्या पडद्यांना अर्थ राहिला नाही. पण जिल्हा परिषदेच्या शाळेतला शिक्षक स्वतःच्या हिमतीवर काहीतरी वेगळे उभे करू शकतो, शासननिर्णयाची वाट न पाहता गावाकडे मदत मागू शकतो, ही जाणीव त्या भेटींतून पसरली. शेजारच्या मुरबाड तालुक्यात फांगणे गावी योगेंद्र बांगर या शिक्षकांच्या पुढाकाराने ८ मार्च २०१६ रोजी ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली आणि गुलाबी नऊवारीतल्या आजीबाई पाटी-दप्तर घेऊन अक्षरे गिरवू लागल्या, तेव्हा तोही याच मोकळेपणाचा एक आविष्कार होता. अभ्यासक्रमात त्याला जागा नव्हती, आणि कोणी तसा आदेशही दिला नव्हता.

राज्यपातळीवर २०१५ नंतरच्या काही वर्षांत या देवाणघेवाणीला एक वेग आला होता. २२ जून २०१५ च्या शासननिर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला, आणि त्यात सातारा तालुक्यातील कुमठे बीटचे नाव सर्वतोमुखी झाले. तेथील विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि त्यांच्या बीटमधील शिक्षकांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने, म्हणजे मूल आपल्या अनुभवांतून ज्ञान स्वतः रचते असे मानून, वर्गाची मांडणी बदलली होती. खडे, बिया, काड्या, चित्रे आणि फरशीवरची रेखाटने यांच्या साहाय्याने मुले गटागटाने शिकत. हे पाहण्यासाठी राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या कुमठ्याला जाऊ लागल्या. त्याच सुमारास ‘शिक्षणाची वारी’ या नावाने भरलेल्या प्रदर्शनांत शिक्षकांनी आपापले उपक्रम दालनांमध्ये मांडले आणि पाहुणे म्हणून आलेले हजारो शिक्षक त्यांना प्रश्न विचारत फिरले. वारीची कल्पना महाराष्ट्राच्या अंगवळणी पडलेली असल्याने नावही शोभले. तरी या भेटींचा एक तोटा झाल्यावाचून राहिला नाही. परत गेलेल्या अनेकांनी फरशी तेवढी रंगवली. जी विचारपद्धती रंगाच्या मागे होती ती आत्मसात करायला एका दिवसाची भेट पुरेशी नव्हती, आणि काही ठिकाणी तर फरशी रंगवल्याचे छायाचित्र हाच उपक्रम ठरला.

मेळाव्यातून घेतलेली एखादी गोष्ट आयुष्यभर टिकते, याचे मोठे उदाहरणही जुन्या ठाणे जिल्ह्यातच आहे. अनुताई वाघ १९१० साली जन्मल्या, बालपणीच वैधव्य आले, शिकून शिक्षिका झाल्या, चांदवडला आणि पुढे पुण्याच्या हुजूरपागेत त्यांनी अनेक वर्षे नोकरी केली. १९४५ साली बोरिवलीला कस्तुरबा ट्रस्टचे ग्रामसेविकांसाठी शिबिर भरले, त्यात त्या दाखल झाल्या आणि तेथे त्यांची ताराबाई मोडक यांच्याशी गाठ पडली. ताराबाई स्वतः राजकोटच्या शिक्षिका प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्यपद सोडून भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात काम करायला गेलेल्या. १९२६ साली स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघाच्या त्या आधारस्तंभ होत्या, आणि बालशिक्षण शहरी सुखवस्तू घरांपुरते राहू नये या विचाराने खेड्यात जाण्याच्या तयारीत होत्या. अनुताई तेव्हा पस्तिशीत होत्या, म्हणजे नोकरीत ज्या वयात माणूस स्थिरावतो आणि स्थिरावण्याचा कंटाळाही येऊ लागतो त्या वयात. त्या ताराबाईंबरोबर बोर्डीला गेल्या, पुढे दोघींनी कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी काम उभे केले. मुले शाळेत येत नाहीत तर बालवाडी त्यांच्या अंगणात भरवायची आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात न्यायची, असे प्रयोग तेथे झाले. ताराबाई १९७३ साली गेल्या. अनुताईंनी ते काम १९९२ मध्ये स्वतःच्या मृत्यूपर्यंत चालवले.

या घटनेतून शिबिराने चमत्कार केला असा निष्कर्ष काढणे भाबडेपणाचे होईल. बोरिवलीला आलेल्या सगळ्याच काही कोसबाडला गेल्या नाहीत. अनुताईंची तयारी आधीपासून होती. रात्रशाळेत शिकून त्यांनी मॅट्रिकची परीक्षा दिली होती आणि पुढे पन्नाशी उलटल्यावर पदवीही मिळवली. शिबिराने दिले ते इतकेच, की ज्या दिशेला त्यांचे मन ओढ घेत होते त्या दिशेला आधीच चालू लागलेले एक माणूस त्यांना भेटले. आणि ताराबाईंनी जे दिले ते भाषण नव्हते, काम होते. सध्याच्या परिषदांमध्ये प्रेरणादायी वक्ते बोलावण्याची जी चाल पडली आहे तिच्याकडे या दृष्टीने पाहायला हवे: बंडुरा यांच्या चार उगमांत प्रोत्साहनाचे शब्द हा दुबळा उगम मानला जातो, कारण शब्दांनी वाढलेला विश्वास वर्गातल्या पहिल्या अपयशाने उतरतो. टाळ्या भरपूर मिळाल्या आणि सोमवारी वर्गात काहीच बदलले नाही, हा अनुभव महाराष्ट्रातल्या शिक्षकांना नवा नाही.

अध्यापन प्रशिक्षणाच्या परिणामांचा अभ्यास करणारे ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी १९८० च्या दशकात मांडलेला निष्कर्ष येथे उपयोगी पडतो. केवळ सिद्धान्त ऐकवला, प्रात्यक्षिक दाखवले, इतकेच नव्हे तर सराव करून घेतला, तरी ती पद्धत वर्गात क्वचितच उतरते. ती उतरते तेव्हा, जेव्हा वर्गात प्रयोग सुरू असताना सहकारी किंवा मार्गदर्शक वरचेवर सोबत असतो. जपानमधील प्राथमिक शाळांनी हे तत्त्व फार पूर्वीपासून आचरणात आणले आहे. तेथे ‘जुग्यो केंक्यू’, म्हणजे पाठाचा अभ्यास, या नावाने शिक्षकांचा गट महिनोन्महिने एकच पाठ मिळून रचतो, एक जण तो वर्गात घेतो, बाकीचे मुलांच्या प्रतिसादाची नोंद करत मागे उभे राहतात, आणि नंतर चर्चा होते ती शिक्षकाची नव्हे, पाठाची. ‘तुमचे चुकले’ असे न म्हणता ‘आपला पाठ येथे अडला’ असे म्हणण्याची सोय त्या पद्धतीत आहे. केंद्रातल्या नमुना पाठाला नेमकी ही सोय नसते. पाठ घेणाऱ्याला पुष्पगुच्छ मिळतो, उपस्थित अभिनंदन करतात, आणि पाठ कोठे अडला हे त्याच्यासमोर कोणी बोलत नाही. मग ते परतीच्या वाटेवर दुचाकीवरून बोलले जाते. ज्या केंद्रात केंद्रप्रमुख स्वतः चांगला शिक्षक असतो आणि पुढच्या महिन्यात शाळाभेटीला आल्यावर ‘त्या काड्यांच्या गठ्ठ्यांचे काय झाले’ असे विचारतो, तेथे परिषद आणि वर्ग यांच्यामधला धागा टिकतो. पण केंद्रप्रमुखांची पदे वर्षानुवर्षे रिक्त राहतात, एकाकडे दोन-दोन केंद्रांचा कार्यभार असतो, आणि भरलेल्या जागेवरचा माणूसही टपालाखाली दबलेला असतो. या एका दुव्यावर जितके लक्ष दिले जाईल तितके नव्या प्रशिक्षणांपेक्षा अधिक फळ मिळेल, असे मानायला जागा आहे.

शिक्षण परिषदेवर घेतला जाणारा सर्वांत वजनदार आक्षेप मुलांच्या बाजूचा आहे. दोनशिक्षकी शाळेतील दोन्ही शिक्षक परिषदेला गेले की त्या दिवशी शाळा अर्धी भरते किंवा भरतच नाही, आणि ज्या मुलांना शाळेखेरीज दुसरे अभ्यासाचे ठिकाण नाही त्यांचा तो दिवस जातो. संघटनांची अधिवेशने याहून वेगळी गोष्ट आहे. तेथे वेतन, बदल्या आणि जुने निवृत्तिवेतन यांचे प्रश्न मांडले जातात, ते मांडणे हा शिक्षकांचा हक्कही आहे, पण त्या गर्दीला शैक्षणिक मेळावा म्हणणे दोन्ही बाजूंची फसवणूक आहे. शिक्षण परिषदेचा दिवस मुलांच्या हिशेबातून घेतलेला असल्याने तो टपालात घालवण्याचा अधिकार कोणालाच नाही. माहितीचे तक्ते आता भ्रमणध्वनीवर दुव्याने मागवले जातातच. मग तेच तक्ते माणसे जमवून पुन्हा वाचून दाखवण्याचे कारण उरत नाही. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० ने प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला किमान ५० तासांचा व्यावसायिक विकास अपेक्षिलेला आहे आणि शाळासमूहाची कल्पनाही नव्याने पुढे आणली आहे. हे तास संगणकासमोर बसून, चित्रफीत चालू ठेवून आणि शेवटच्या प्रश्नावलीची उत्तरे गटावर मागवून पुरे करता येतात, आणि ते तसे पुरे होतातही.

ऐकलेले प्रत्यक्षात उतरवण्याची समस्या इतर व्यवसायांत थोडी सोपी असते. द्राक्ष बागायतदार संघाच्या वार्षिक चर्चासत्राला जाणारा नाशिक-सांगलीचा बागायतदार छाटणीची किंवा भुरीच्या बंदोबस्ताची नवी पद्धत ऐकून येतो आणि एका हंगामात तिचा निकाल त्याच्या बागेत दिसतो. शिवाय जायचे की नाही हे तो स्वतः ठरवतो. शिक्षकाला परिषद आदेशाने असते आणि निकाल दिसायला वर्षे लागतात, म्हणून त्याच्या बाबतीत परिषदेतून मिळणाऱ्या उमेदीला छोट्या, लवकर दिसणाऱ्या यशाची जोड हवी असते: महिन्याभरात पाच मुलांना घड्याळ वाचता आले, इतकेसे यशही पुरते.

अशी लहान पण ठोस फळे कोठे मिळतात, याचा विचार करताना अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली मांडलेली कल्पना आठवते. माणसाला नवी माहिती जवळच्या मित्रांकडून कमी आणि तोंडओळखीच्या माणसांकडून अधिक मिळते, कारण जवळच्यांना जे ठाऊक असते ते त्यालाही आधीच ठाऊक असते. या सैल नात्यांचे बळ ग्रॅनोव्हेटर यांनी दाखवले. शहापूर-मुरबाडच्या शाळांमध्ये या बळाचा एक फार व्यावहारिक उपयोग आहे. भातकापणी आणि दिवाळी झाली की पाड्यांवरची कातकरी कुटुंबे भिवंडी, कल्याण परिसरातील वीटभट्ट्यांवर जातात, मुले बरोबर जातात, आणि नोव्हेंबरपासून पावसाळ्यापर्यंत पटावर असलेली नावे वर्गात नसतात. याच मुलांसाठी विधायक संसद या संस्थेने पूर्वी भट्ट्यांवरच ‘भोंगाशाळा’ चालवल्या होत्या. आता स्थलांतरित मुलाला शिक्षण हमी कार्ड द्यावे आणि तो जेथे जाईल तेथील शाळेने त्याला दाखल करून घ्यावे, अशी व्यवस्था आहे; मात्र कार्ड घडी घालून पालकाच्या पिशवीत जाते आणि अनेकदा तेथेच राहते. जिल्ह्याच्या शैक्षणिक संमेलनात किंवा रहाटोलीच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेतील प्रशिक्षणात भिवंडीच्या शिक्षिकेशी शेजारी बसून ओळख झालेली असेल, तर टोकावड्याकडचा शिक्षक तिला सरळ फोन करतो, कुटुंब कोणत्या भट्टीवर उतरले ते सांगतो, मुलाला कितवीपर्यंतचे वाचता येते तेही सांगतो, आणि ती मुकादमाशी बोलून त्याला आपल्या शाळेत आणते. जूनमध्ये मूल परत येते तेव्हा त्याच्या वहीत चार महिन्यांचा अभ्यास असतो, आणि पाड्यावरच्या शिक्षकाला त्याची सुरुवात पुन्हा पहिल्या पानापासून करावी लागत नाही.